पाच नंबरची चेन

खामगावच्या बाजारात शिवणसाहित्याचे एक जुने दुकान आहे. अस्तर, फॉल, गुंड्या, धाग्यांची रिळे आणि चेन असा सारा माल. बहात्तर वर्षांच्या मालकांना सगळी गिऱ्हाइके ‘काका’ म्हणतात. चेन मीटरवर मोजून मिळते आणि रनर सुटे मिळतात. मात्र रनर ओवून देण्याचे पैसे काकांनी कधी घेतले नाहीत. माल गिऱ्हाइकाच्या हाती चालता झाला की मगच विक्री पुरी झाली, असा त्यांचा हिशेब.

पिशवी शिवणाऱ्या बाईला मापाची चेन सहसा तयार मिळत नाही. तिला बावीस इंच हवे असतील, तर गुंडाळ्यातून दोन बोटे जास्त धरून तुकडा कापायचा आणि दोन्ही पट्ट्या पुऱ्या सुट्या करायच्या. रनरला एका अंगाला दोन तोंडे असतात, मध्ये पाचर. दुसऱ्या अंगाला एकच रुंद तोंड. दोन तोंडांतून एकेक पट्टी आत सारायची, दोन्ही टोके मागून समान बाहेर काढायची आणि मग रनर पुढे ओढायचा. एक पट्टी एका दाताने जरी पुढे गेली, तरी चेन शेवटपर्यंत लागते, पण टोकाला एक बाजू उरते आणि पिशवीला फुगार येतो. रोजकीर्दीत आरंभी चुकलेला एक रुपया वर्षअखेरीस ताळेबंदात डोकावतो, तसेच हे. नंबराचेही भान हवे. पाच नंबर म्हणजे बंद चेनीच्या दातांची रुंदी सुमारे पाच मिलिमीटर. पण नायलॉनच्या पाच नंबरचा रनर धातूच्या पाच नंबरला चालत नाही. नवख्या दुकानदाराची फसगत बहुधा इथेच होते.

या वस्तूचा आरंभही फारसा मानाचा नव्हता. व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकन गृहस्थाने 1893 साली बुटांसाठी अशा बंदाचे पेटंट घेतले आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला. त्याच वर्षी, त्याच शहरात वीरचंद राघवजी गांधी सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडत होते. जडसनचा बंद मध्येच उघडे, अडके. गिडियन सुंडबॅक यांनी 1913 च्या सुमारास एकसारख्या दातांची रचना साधली, तेव्हा कुठे तो भरवशाचा झाला.

दोन वर्षांपूर्वी काकांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा परतली, चालणे परतले. उजव्या हाताची बोटे मात्र परतली नाहीत. पुण्याच्या मुलाने सांगितले, “बाबा, तयार चेनी ठेवा, ओवण्याची कटकटच नको.” सल्ला व्यवहाराचा होता. परंतु जून महिन्यात दप्तरे घेऊन येणाऱ्यांची चेन बहुधा शाबूत असते. झिजून रनरचे तोंड सैल झालेले असते. पकडीने हलके दाबले तर काही दिवस निघतात, नाहीतर नवा रनर घालायचा. तिथे अख्खी चेन विकणे काकांना पटेना. मग गिऱ्हाईक बाया त्यांच्या हातातून पट्टी घेऊन स्वतःच ओवू लागल्या. त्या मायेनेच करीत. काका मात्र मान फिरवून रिळे लावीत बसत.

उपाय काकूंनी काढला. लग्नात आहेर म्हणून आलेला, कधीच न वापरलेला जेवणाच्या काट्यांचा संच त्यांनी माळ्यावरून काढला. एक काटा गल्ल्याच्या फळीला सुतळीने घट्ट बांधला आणि त्याच्या दातांवर रनरचे रुंद तोंड बसवले. दोन तोंडे काकांच्या समोर आली. आता रनर धरण्यास दुसरा हात नको.

पहिल्या दिवशी बचत गटाची एक बाई पिशवीची चेन घेण्यास आली. काकांनी डाव्या हाताने एक पट्टी सारली, मग दुसरी. पट्टी दोनदा निसटली. बाई स्टुलावर बसून राहिली, तिने हात पुढे केला नाही. अखेर चेन काट्यावरून सुटली आणि सरसर लागत गेली. टोकाला एक बाजू दोन दात उरली होती.

“चालेल हो काका, शिवणीत जाईल,” बाई म्हणाली.

“बसा थोडं,” असे म्हणून काकांनी रनर काढून घेतला आणि पुन्हा काट्यावर चढवला.