शिक्षा संपल्यावर

आमच्या एडवणमध्ये कुणी फार काळ परका राहत नाही. सफाळ्याच्या एसटीतून उतरलेला माणूस कुणाकडचा, हे तो दारात पोचण्याआधी आळीला ठाऊक असतं. आशापुरीच्या देवळात, लग्नात, मयताला सगळे एकमेकांसमोर येतात. या जवळिकीचा मला अभिमान आहे, आणि तिच्यामुळेच एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लहान मुलीशी लैंगिक गैरवर्तन केल्याबद्दल तुरुंगात गेलेला पुरुष शिक्षा भोगून अशाच एखाद्या आळीत परत येतो, तेव्हा गावाने काय करायचं?

बहुतेकांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं, असल्यांना सोडूच नये. त्या संतापामागे मुलीबद्दलची कळकळ असते, आणि मीही त्याच कळकळीने लिहिते आहे. पण शिक्षेला मुदत असते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. 2019च्या दुरुस्तीनंतर मुलावरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं, मूल सोळाच्या आतलं असेल तर किमान वीस वर्षं शिक्षा आहे. वाईट हेतूने अंगाला हात लावण्याला मात्र तीन ते पाच वर्षं, आणि मूल बाराच्या आतलं असेल तर पाच ते सात. म्हणजे पहिलीतली मुलगी आठवीत जाईपर्यंत तो माणूस बाहेर आलेला असतो. दोघांचा एसटीचा थांबाही एकच असू शकतो.

20 सप्टेंबर 2018 रोजी केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ती पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. त्यात नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे मिळतात. सुटून आलेला माणूस दिवस कसा घालवतो, पुन्हा दारूला लागला का, मुलं खेळतात तिथे घुटमळतो का, हे नोंदवहीला कळत नाही. ते आळीला कळतं. पण आळीने त्याच्याशी बोलणंच टाकलेलं असेल, तर जे दिसतं ते सांगायचं कुणाला आणि त्याला अडवायचं कुणी?

आता त्याच्या घराकडे पाहू. नवरा आत गेला की ठाण्याच्या तुरुंगातल्या भेटीसाठी बायकोची एका दिवसाची मजुरी बुडते, वकिलाचे पैसे वेगळे. मुलांना शाळेत बापाच्या गुन्ह्यावरून हाक मारली जाते. शेजारीण हळदीकुंकवाला बोलावत नाही. कोकणात घर वाळीत टाकण्याची रीत जुनी आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राने देशातला पहिला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. तरी अशा घरावरचा बहिष्कार जातपंचायतीच्या निवाड्याशिवायही चालतो, कारण तो सगळ्यांना न्याय्य वाटतो. त्या बायकोने आणि पोरांनी कुठला गुन्हा केला, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि हा बहिष्कार मुलींच्याच जिवावर उठतो, ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा एखादा तरी प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीतले होते. काका, मामा, शेजारी, कधी बापच. अशा वेळी पीडित मुलीचं घर आणि गुन्हेगाराचं घर अनेकदा एकच असतं. आईला एका बाजूला मुलगी दिसते, दुसऱ्या बाजूला बंद होणारी चूल आणि धाकट्यांची लग्नं. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पण ज्या आईला ठाऊक आहे की तोंड उघडलं तर उद्यापासून गाव आपल्या दारात पाऊल ठेवणार नाही, तिला कायद्याचं कलम किती धीर देणार? तिला आधार मिळेल अशी खात्री असेल, तरच मुलगी वाचेल.

गुन्हेगाराच्या उपचाराचा विचारही मला याच वाटेने करावासा वाटतो. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात 1994 मध्ये मुलांवर वारंवार अत्याचार केलेला एक कैदी सुटला. शहर भडकलं, पोलीस पाळत ठेवून होते. हॅरी नाय नावाच्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्याने आपल्या मंडळीतली काही माणसं त्याच्याभोवती जमवली. ती त्याला बाजारात, दवाखान्यात घेऊन जात आणि तो कुठे घसरतो आहे हे तोंडावर विचारत. त्यातूनच आधार आणि जबाबदारी यांची ‘मंडळं’ उभी राहिली. एका माणसाभोवती चार-सहा प्रशिक्षित स्वयंसेवक आणि त्यांच्यामागे तज्ज्ञ, अशी त्यांची रचना. ही पद्धत पुढे ब्रिटनमध्येही रुजली.

उपचार म्हणजे जादू नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांत वर्षानुवर्षं चाललेल्या एका गटउपचाराची तपासणी 2017 मध्ये जाहीर झाली. उपचार घेतलेल्यांपैकी 10 टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, न घेतलेल्यांपैकी 8 टक्क्यांनी. तो कार्यक्रम बंद करावा लागला. पण 2019 मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा उपचार घेतलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण 9.5 टक्के निघालं आणि न घेतलेल्यांत 14.1 टक्के. म्हणजे फरक पडतो, पण उपचार कोण देतं आणि कसा देतं यावर तो अवलंबून असतो. स्वतःच्या वागण्याची सबब न सांगता ते नीट पाहायला लावणं, मोहाचे प्रसंग ओळखून टाळायला शिकवणं, दारू सोडायला आणि एकटेपणातून बाहेर पडायला मदत करणं, हे खरं काम. ते तज्ज्ञाने सुरू करायचं असतं, पण टिकतं ते घरच्या आणि गावच्या माणसांमुळे.

गुन्हा होण्याआधीचीही एक वाट आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात 2005 पासून, मुलांबद्दल लैंगिक ओढ वाटणाऱ्या पण ती कृतीत उतरू नये असं वाटणाऱ्या माणसांवर उपचार होतात. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने त्यांच्या सहकार्याने असंच काम सुरू केलं. आपल्याकडे गुन्हा कळवण्याची सक्ती असल्याने, घडलेल्या कृत्याची कबुली गुप्त राहू शकत नाही. म्हणून ज्याच्या हातून अजून काही घडलेलं नाही, त्याच्यापर्यंत पोचणं इथे अधिक मोलाचं ठरतं.

सुटून आलेल्यांसाठी मात्र आमच्या पालघरसारख्या जिल्ह्यात त्या मंडळांसारखं काही उभं करावंच लागेल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो, तेव्हा अनुभव आपल्याच राज्यात आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पोलीस पडताळणीशिवाय काम मिळणं कठीण असेल, तर ज्या कामात मुलांशी संबंध येत नाही अशा कामाची सोय प्रशासनाने बघावी. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे त्याची नियमित हजेरी असावी. मुलीचं घर त्याच्या वाटेपासून दूर राहील हे पोलिसांनी पाहावं, आणि मुलीला काय हवं आहे हे सर्वांत आधी तिला विचारावं.

आणि आपण गावाने? त्याला माफ करा असं मी म्हणत नाही. माफ करायचं की नाही, हे फक्त त्या मुलीने ठरवायचं. पण त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवा. त्याच्या पोरांशी आपली पोरं खेळू द्या. त्याच्यावर नजर ठेवा, आणि त्याच्याशी बोलतही राहा. एखादं मूल काही सांगू लागलं, तर ते पूर्ण ऐका आणि मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर कळवा. ज्या गावात खरं बोलणाऱ्या आईचं घर वाळीत पडत नाही, त्याच गावात मुली सुरक्षित राहतात.