कच्चा हात

उबीन बेटाचा जन्म पोहण्याच्या शर्यतीतून झाला, असं इथली जुनी दंतकथा सांगते. हत्ती, डुक्कर आणि बेडूक यांनी सिंगापूरच्या किनाऱ्यावरून पलीकडच्या जोहोरपर्यंत पोहत जायची पैज लावली. जो पोचणार नाही त्याचा दगड होईल, अशी अट होती. तिघंही मध्येच दमले. हत्ती आणि डुक्कर यांचं मिळून पुलाउ उबीन झालं, दोघांच्या मधे एक खाडी राहिली. बेडकाचं झालं पुलाउ सेकुडू, उबीनवरच्या चेक जावाच्या किनाऱ्यासमोरचं छोटंसं खडकाळ बेट.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सिंगापूरमधल्या एका क्लबात पोहते आणि तिची स्पर्धा आहे २०० मीटर मेडली. ही गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिला दगड होण्याचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "आई, त्यांना एकेकच स्ट्रोक येत असणार. तोच तोच मारत राहिले, म्हणून दमले."

चांगी पॉइंटवरून उबीनला लाकडी बमबोट जाते. बारा माणसं जमली की बोट सुटते आणि दहाएक मिनिटांत पलीकडे पोचवते. रविवारी सकाळी सरावाला सुट्टी असली की आम्ही मायलेकी तिथे सायकली घेऊन हिंडतो. बेट खरोखर दगडाचंच आहे, ग्रॅनाइटचं. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडावरचं हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ साली उभं राहिलं ते इथल्याच दगडातून. जोहोरला जोडणाऱ्या कॉजवेलाही इथला दगड गेला. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. आता त्या खाणींत पाणी भरलंय, गडद हिरवं, कडेलाच एकदम खोल होणारं. भोवती कुंपण आहे आणि पोहायला सक्त मनाई आहे. मुलगी कुंपणाला नाक लावून उभी राहते. मला मात्र माझ्या आजोळची विहीर आठवते. तिथे पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्हाला पाण्यात ढकलत, आणि काठावरून मामा ओरडत, "हात मार, हात!" कुठला हात, ते कुणी सांगत नसे. तरंगलो की पोहणं आलं.

मुलीच्या मेडलीत मात्र हात चार. आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. २०० मीटरच्या शर्यतीत प्रत्येकी पन्नास, ४०० मीटरच्या शर्यतीत प्रत्येकी शंभर. क्रम बदलता येत नाही. शेवटच्या टप्प्यात आधीच्या तिन्हींपैकी कुठलाच प्रकार चालत नाही, म्हणून सगळे फ्रीस्टाइलच पोहतात. प्रत्येक वळणाचा नियम निराळा. बटरफ्लाय संपवताना भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागायला हवेत. बॅकस्ट्रोक पाठीवरच संपवायचा, भिंतीला हात लागेपर्यंत कूस बदलायची नाही. पाठीवरून पोटावर यायचं हे वळण सगळ्यांत अवघड. तिथे एक तर वेळ जातो, नाही तर पंच बाद करतात. बाहेरून बघणाऱ्याला हे कळतही नाही. आपल्याला फक्त पाणी उसळलेलं दिसतं आणि त्यातून वेगळ्याच तऱ्हेनं पोहणारं माणूस बाहेर येतं.

हे सगळं आपल्या वळणाच्या जरा विरुद्धच आहे. "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे ऐकत आपण वाढलो. एक काहीतरी धर आणि त्यात नाव काढ, हा आपल्याकडचा थोरामोठ्यांचा ठरलेला सल्ला. माझ्या मुलीचा फ्रीस्टाइल उत्तम आहे आणि ब्रेस्टस्ट्रोक कच्चा. फक्त फ्रीस्टाइल पोहली असती तर तिच्या कपाटात एव्हाना बरीच पदकं लटकली असती, असं नातेवाइकांतल्या एकांनी मला फोनवर ऐकवलंसुद्धा. तिच्या प्रशिक्षकांना ते पटत नाही. ते तिच्याकडून सकाळच्या पहिल्या, ताज्या दमात ब्रेस्टस्ट्रोकच पोहून घेतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. मेडलीत माणूस कच्च्या हातावर हरतो, म्हणून दिवसातली सगळ्यांत चांगली ताकद कच्च्या हातालाच द्यायची.

हा विचार मी बरेच दिवस डोक्यात घोळवते आहे. एकाच प्रकारात पोहणाऱ्याला आपलं उणं झाकता येतं, कारण ते त्याच्या शर्यतीत येतच नाही. मेडलीवाल्याला ती सोय नाही. दर शर्यतीत ठरलेल्या जागी ते उणं येणारच, सगळ्यांसमोर, पूर्ण लांबीभर. बाजूच्या लेनमधले लोक पुढे जाताना दिसणार आणि तरी तोच हात मारत राहायचं. दहा-पंधरा वर्षं असं पोहणाऱ्याचं स्वतःशी नातं कसं होत असेल? मला वाटतं, त्याला स्वतःविषयी फार थोड्या भ्रमांत राहता येत असेल.

शर्यत म्हणूनही मेडलीला आपली जागा मिळवायला वेळ लागला. मुळात बटरफ्लाय ब्रेस्टस्ट्रोकच्या पोटातून निघाला. हात पाण्याबाहेरून पुढे फेकले तर वेग वाढतो, हे पोहणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि मग नियम करणाऱ्यांना १९५२ मध्ये तो वेगळा प्रकार मानावा लागला. ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरची वैयक्तिक मेडली आली १९६४ साली, टोकियोत. २०० मीटरची आली १९६८ साली, मेक्सिको सिटीत. पुढे १९७६ आणि १९८० मध्ये ती वगळली आणि १९८४ मध्ये परत घेतली. मेक्सिको सिटीचा तो तलाव लक्षात ठेवावा, त्याच्याकडे परत यायचंय.

२०२५ च्या जुलैत जागतिक जलतरण स्पर्धा सिंगापूरला झाल्या. कलांगच्या तलावावर ३० तारखेच्या संध्याकाळी आम्ही दोघी होतो. फ्रान्सचा लिओं मार्शां २०० मीटर मेडलीच्या उपांत्य फेरीत १ मिनिट ५२.६९ सेकंदांत पोहला. आधीचा विक्रम १ मिनिट ५४ सेकंदांचा, रायन लॉक्टीचा, २०११ पासून तसाच उभा होता. जिथे विक्रम शतांश सेकंदांनी हलतात तिथे हा एका झटक्यात सव्वा सेकंदाहून जास्त हलला. मार्शांचे आई-वडील दोघेही मेडलीचे ऑलिंपिक जलतरणपटू. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं दोन्ही मेडलींबरोबर २०० मीटर बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकही जिंकले होते, म्हणजे कच्चा म्हणावा असा हात त्याच्याकडे शोधावाच लागतो. याच स्पर्धेत चीनची यू झिदी ही बारा वर्षांची मुलगी २०० मीटर मेडलीत चौथी आली. माझ्या मुलीहून लहान. घरी येताना आमच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

सिंगापूरची स्वतःची जॉसलिन यो मेडलीवाल्यांच्याच जातकुळीची. बाराव्या वर्षी, १९९१ मध्ये ती पहिल्यांदा आग्नेय आशियाई स्पर्धांत उतरली आणि २००५ पर्यंत तिनं तिथे ४० सुवर्णपदकं मिळवली. पॅट्रिशिया चॅनच्या ३९ पदकांचा जुना विक्रम तिनं मोडला. चार ऑलिंपिकांत पोहली. इथल्या क्लबांत अजून तिचं नाव आदरानं घेतात, आणि ते योग्यच आहे.

पण मेडली म्हटलं की मला हल्ली आधी आठवतात त्या कांचनमाला पांडे. मूळच्या अमरावतीच्या, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या, जन्मापासून दृष्टिहीन. २०१७ ची जागतिक पॅरा जलतरण स्पर्धा मेक्सिको सिटीत व्हायची होती. १९ सप्टेंबरला तिथे मोठा भूकंप झाला. स्पर्धा डिसेंबरवर गेली आणि काही बलाढ्य देशांनी मग आपले संघ पाठवलेच नाहीत. कांचनमालाताई गेल्या. शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्या चौथ्या आल्या. बॅकस्ट्रोकमध्ये पाचव्या, ब्रेस्टस्ट्रोकमध्येही पाचव्या. आणि २०० मीटर मेडलीत, एस-११ या दृष्टिहीनांच्या गटात, त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. जागतिक पॅरा जलतरणात भारताचं ते पहिलं सुवर्ण. तलावही तोच, फ्रान्सिस्को मार्केस, जिथे १९६८ मध्ये २०० मीटर मेडली पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये पोहली गेली होती.

हे निकाल एकाखाली एक लिहून मी मुलीला दाखवले. सुट्ट्या प्रकारांत चौथी, पाचवी, पाचवी, आणि चारही एकत्र आले तिथे पहिली. भाराभर चिंध्या म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

२०१७ च्याच जुलैत कांचनमालाताई बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या होत्या. मंजूर झालेले पैसे वेळेवर न मिळाल्यामुळे परक्या शहरात त्यांना उसनवारी करून दिवस काढावे लागले, अशा बातम्या तेव्हा आल्या. तरी त्या तिथून रौप्यपदक आणि जागतिक स्पर्धेची पात्रता घेऊन परतल्या. हे वाचताना मला संताप येतो, आजही येतो. आमच्या इथल्या मराठी घरांत मुलांच्या पोहण्यावर, गॉगलवर, शर्यतीच्या पोशाखावर जो खर्च होतो तो मी जवळून बघते. एका खेळाडूला परदेशात तिकिटाची आणि जेवणाची चिंता पडावी, ही गोष्ट चार दिवस बातमीत राहून विसरली जाते. मग सुवर्णपदक येतं, सत्कार होतात आणि तेही विसरलं जातं. दिवाळी अंकांतून क्रिकेटवर पानंच्या पानं वाचणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

दृष्टिहीन माणसानं मेडली पोहायची म्हणजे काय करायचं, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. एस-११ गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल लावावे लागतात, म्हणजे कुणाला किंचित उजेड कळत असला तरी तोही बंद. लेनची दोरी हाच एक आधार. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात बाहेरून फेकायचे, म्हणजे जरा तिरकं गेलं की दोरीवर हात आपटणार, बोटं सोलणार. बॅकस्ट्रोकमध्ये डोळस माणूस छताकडे बघून सरळ जातो; इथे तेही नाही. आणि भिंत? भिंतीसाठी टॅपर असतो. तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक जण, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारी व्यक्ती भिंतीजवळ आली की तो नेमक्या क्षणी डोक्यावर किंवा पाठीवर टोक लावतो. त्या स्पर्शावरून कळतं की आता वळायचं. हा क्षण चारही प्रकारांत वेगवेगळा. बटरफ्लायमध्ये हात पुढे पडायच्या बेतात असताना, बॅकस्ट्रोकमध्ये त्याहून निराळ्या अंतरावर. टोक अर्धा हात उशिरा लागलं तर पूर्ण वेगात भिंतीवर आदळायचं. म्हणजे काठी धरणाऱ्यालाही चारही हात कळावे लागतात, आणि शिवाय या एका माणसाचा प्रत्येक हात किती लांब पडतो, दमल्यावर किती आखूड होतो, हेही.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचे सुयश जाधव हेही मेडलीचेच. अकराव्या वर्षी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात कोपरांखाली गेले. वडील स्वतः राष्ट्रीय पातळीवर पोहलेले, त्यांनी मुलाला पाण्यापासून तोडलं नाही. २०१८ मध्ये जकार्ताच्या पॅरा आशियाई स्पर्धांत सुयशनी २०० मीटर मेडलीत कांस्य घेतलं आणि ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण. ज्या प्रकारात सगळा खेळ दोन्ही हात पाण्याबाहेर काढून पुढे फेकण्याचा, नेमक्या त्याच प्रकारात. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पॅरा जलतरणात मेडलीचा गट वेगळा ठरवतात, ब्रेस्टस्ट्रोकचा वेगळा आणि बाकी तिन्ही प्रकारांचा वेगळा, कारण एकच शरीर एका प्रकारात जितकं अडतं तितकं दुसऱ्यात अडत नाही. ज्यांना बटरफ्लाय शक्यच नाही त्यांच्यासाठी तीन प्रकारांची १५० मीटर मेडली असते. नियम करणाऱ्यांनी इतका बारीक विचार केलेला क्वचित दिसतो, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

२०२५ च्या सप्टेंबरात जागतिक पॅरा जलतरण स्पर्धाही सिंगापूरला झाल्या, आशियात पहिल्यांदाच. त्याच सुमारास एका रविवारी आम्ही उबीनला गेलो होतो. जेट्टीजवळच्या टपरीवर शहाळं पिताना मुलीचे प्रश्न सुरू झाले. त्या आठवड्यात तिनं मेडली सोडायचं काढलं होतं; फक्त फ्रीस्टाइल ठेवते, असा घोशा. पण आता तिला काठीचं पडलं होतं.

"टॅपरनं लवकर टोकलं तर?"

"मग वळण लांबून घ्यावं लागतं. वेळ जातो."

"आणि शर्यत जिंकली तर त्याला पण पदक मिळतं?"

"नाही. धावण्याच्या शर्यतीत अंध धावपटूबरोबर जो पळतो त्याला मिळतं. टॅपरला नाही."

तिला हे अजिबात पटलं नाही. चारही स्ट्रोक माहीत असायला लागतात, दर पन्नास मीटरला चुकायची भीती आणि पदक नाही, हा कुठला न्याय, असं ती बोट येईपर्यंत बोलत राहिली. मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं. मेडली सोडायचा विषय तिनं त्या दिवशी काढला नाही, मीही काढला नाही. मंगळवारी पहाटे साडेपाचला सराव होता आणि फळ्यावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, ब्रेस्टस्ट्रोक.