‘काहीच घडत नाही’ अशा अंकांबद्दल

आमच्या रविवारच्या वाचनवर्गात एक पोरगा एक्स-मेन कॉमिक्सचे जाडजूड संग्रह घेऊन आला आणि त्या दिवशीचं ठरलेलं वाचन बाजूलाच राहिलं. पुढचे तीन रविवार आम्ही त्यावर भांडत होतो. मी या कॉमिक्सचा जुना वाचक, त्यामुळे मला गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो. वर्गातल्या एका मुलीने पंधरा-सोळा अंक वाचून संग्रह माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "दादा, ही माणसं जेवतात, रुसतात, बेसबॉल खेळतात, विमानातून पडतात. मुख्य गोष्ट कधी सुरू होणार?"

तिचा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतले चाहते यावर कितीतरी वर्षं वाद घालत आलेत. क्रिस क्लेअरमाँट नावाच्या लेखकाने 1975 पासून 1991 पर्यंत, म्हणजे सलग सोळा वर्षं, ही एकच मालिका लिहिली. 1963 मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सुरू केलेले मूळ एक्स-मेन एवढे पडले होते की 1970 नंतर पाच वर्षं त्या नावाखाली जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. 1975 मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवी टोळी उभी केली. तिच्यात केनियातून आलेली स्टॉर्म, जर्मन नाइटक्रॉलर, सोव्हिएत शेतमजुरीतला कोलोसस आणि अपाची आदिवासी थंडरबर्ड असे सगळे होते. यातला आदिवासी वीर पुढच्या एक-दोन मोहिमांतच मारला गेला. बळी द्यायची वेळ आली की कुणाचा नंबर पहिला लागतो, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण आजचा मुद्दा तो नाही.

मुद्दा क्लेअरमाँटच्या गतीचा आहे. जीन ग्रे ही नायिका 101 व्या अंकात, 1976 मध्ये, फिनिक्स होते. तिची शक्ती तिलाच गिळायला लागते आणि 137 व्या अंकात, 1980 मध्ये, ती मरते. मध्ये जवळपास चार वर्षं जातात, आणि त्यातला सुरुवातीचा काळ मासिक दोन महिन्यांनी एकदा निघायचं. मधल्या अंकांत एक सभ्य दिसणारा माणूस तिच्या आसपास घुटमळू लागतो. तो तिला स्वप्नासारखे भास दाखवतो, त्यात ती जुन्या काळातली उमराव बाई असते. घाईत वाचलं तर ही पानं भरताड वाटतात. पण तिचं मन आतून कसं पोखरलं गेलं, ते त्याच पानांत आहे. ती काढून टाकली तर उरतो फक्त एक स्फोट.

स्टॉर्मचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. 1975 मध्ये ती देवी म्हणून पुजली जाणारी, जगाशी फारसा संबंध नसलेली बाई आहे. पुढे ती नेतृत्व शिकते, चुकते, एकटी पडते. 1984 मध्ये तिची शक्तीच काढून घेतली जाते. आणि 201 व्या अंकात, कोणतीही शक्ती नसताना, ती सायक्लॉप्सला समोरासमोर हरवून नेतृत्व मिळवते. शंभराहून जास्त अंक त्यासाठी लागले. दुसऱ्याच अंकात तिला नेता केलं असतं तर ती नेमणूक ठरली असती, कमाई नव्हे. देवीपण गेल्यावर माणूस म्हणून ती किती मोठी निघाली, हे दाखवायला दहा वर्षं लागली याचं मला आश्चर्य वाटत नाही.

मी हे सगळं भारावून सांगत होतो. तेव्हा संग्रह आणणारा पोरगा म्हणाला, "पण दादा, नामांतरालाही सोळाच वर्षं लागली."

वर्ग शांत झाला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात ठराव झाला आणि विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या काळात मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. त्या सोळा वर्षांना मी ‘संथ उभारणी’ म्हणू का? कुणी तसं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. ती संथ गती आपण निवडलेली नव्हती, आपल्यावर लादलेली होती. "थांबा, समाजाची मानसिकता तयार होऊ द्या" हे वाक्य आपल्या आजोबांनी ऐकलं, आपण ऐकलं, आणि सांगणाऱ्यांना आजही त्याचा कंटाळा आलेला नाही.

म्हणून त्या पोराचे आभार मानून मी माझा मुद्दा पुन्हा मांडतो. संथ असणं हा गुण नाही आणि दोषही नाही. मधल्या काळात जे घडलं ते परत मागे नेता येतं का, एवढंच बघायचं. अमेरिकन सुपरहीरो कॉमिक्सच्या जगात ‘बदलाचा आभास’ ही कल्पना चांगली मुरलेली आहे. वाचकाला वाटावं की सगळं बदललं, पण पुढच्या वर्षी मूळ पात्र जागेवर हजर, कारण त्याच्या बाहुल्या विकायच्या असतात. जीनच्या मृत्यूचंही शेवटी तेच झालं, 1986 मध्ये कंपनीने तिला परत आणलं. हा आभासाचा धंदा आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? समिती नेमली, अहवाल आला, मुदतवाढ मिळाली, पुतळ्याला हार घातला, आणि वस्तीतलं गटार तिथेच.

आता बाबासाहेबांची गती पाहा. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला तो 1937 मध्ये. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये सुरू केला आणि पाच वर्षांनी स्वतःच थांबवला. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 रोजी. एकवीस वर्षं! तेव्हाही लोक विचारत असतीलच, घोषणा झाली, पुढे काय? पण मधले अंक रिकामे नव्हते. त्यात 1936 ची मुंबईतली परिषद आहे, पक्ष आहेत, 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आहे, मुंबईतलं सिद्धार्थ आणि औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय आहे, संविधान आहे, धर्माधर्मांचा अभ्यास आहे. मिलिंदमधून शिकून बाहेर पडलेली पिढी कुणाला पुन्हा अडाणी करता आली नाही. आणि जिथे संथपणा निष्फळ ठरला तिथे, म्हणजे देवळाच्या दारात, त्यांनी गोष्ट बंद केली. क्लेअरमाँटला हे जमलं नाही. त्याने सोडलेले धागे एवढे की नाइटक्रॉलरच्या जन्माचं 1981 मध्ये सुचवलेलं कोडं कंपनीने सोडवलं 2023 मध्ये. या बाबतीत त्याच्यावर नाराज असणाऱ्या चाहत्यांचं मला पटतं.

याच एक्स-मेनमध्ये आपल्याला जास्त टोचेल असा एक प्रसंग अलीकडे घडला. 2019 मध्ये जोनाथन हिकमनने म्युटंटांना क्राकोआ नावाच्या बेटावर स्वतःचं राष्ट्र दिलं, स्वतःची भाषा दिली. 1942 च्या नागपूर परिषदेतला स्वतंत्र वसाहतींचा ठराव माहीत असलेल्याला ते वाचताना अंगावर काटा येतो. (म्युटंट म्हणजे दलित असं समीकरण मात्र मला मान्य नाही. म्युटंटांच्या हातून खरोखर शहरं उद्ध्वस्त होऊ शकतात. आपली भीती बाळगायला कुणालाही असलं एकही कारण नव्हतं.) हिकमनची गोष्ट तीन भागांची होती. पण पहिला भाग इतका आवडला की सोबतच्या लेखकांना तिथेच राहावंसं वाटलं. शेवटी तोच बाहेर पडला. चाहते अजून भांडतात, चूक कुणाची? मला मात्र आपल्या जयंतीच्या मिरवणुका दिसल्या. आपणही पहिल्या भागात रमलो आहोत. बेट मिळालंय, गाणी झालीत, निळे झेंडे आहेत. पुढचा भाग लिहायला कुणी उठत नाही.

दुसऱ्याला बोलण्याआधी माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका सुरू केली होती. दहा-बारा खुर्च्या, दोन ट्यूबलाइट, देणगीतली पुस्तकं. दुसरं वर्ष संपलं तरी एकही पोरगं कुठल्या परीक्षेत निघालं नाही. बैठकीत "हिशोब काय?" हा प्रश्न मीच विचारला. त्या खोलीचे पैसे मोर्चाच्या गाड्यांना वापरू असंही मीच म्हणालो. मोर्चा मोठा झाला, फोटो चांगले आले. खोलीत आता मंडपाचं सामान असतं.

त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "खुर्च्या आहेत का अजून?" सहा निघाल्या. एकीचा पाय मोडका आहे. गेल्या रविवारपासून वर्ग तिथेच भरतो, आणि तिचं वाचन एकशे बाराव्या अंकापर्यंत आलंय. अजूनही तिला ते रटाळच वाटतं.