फक्त खर्ज

वडील गेल्यावर माझा रियाज सुटला. गळा होता, पण इच्छाच उरली नाही. त्या दिवसांत कुमार गंधर्व फार आठवायचे. ऐन तारुण्यात क्षयाने त्यांचं गाणं थांबवलं; देवासला कित्येक वर्षं अंथरूण, गायला सक्त मनाई. तिथे पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली. पुढचे त्यांचे धुनउगम राग त्याच ऐकण्यातून आले. स्ट्रेप्टोमायसिनने बरे होऊन ते मैफलीत परतले, ते नवी गायकी घेऊन.

सध्या पहाटे तानपुरा लावते, फक्त खर्ज भरते. बंदिशीची घाई नाही. गळा लागत नसेल तर नुसती ऐकते. तोही रियाजच, हे माझं ठाम मत. तुमचंही काही सुटलं असेल, तर आज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.