थम्सअप विकलं तेव्हा

माझ्या लहानपणी उदगीरच्या उन्हाळ्यात प्यायच्या गोष्टी दोन. एक गोटी सोडा, दुसरं थम्सअप. सोडा रोजचा. थम्सअप मानपानाचं. दुपारी जावई किंवा आत्याचे यजमान टेकले की पोराला चौबाऱ्याकडं पिटाळायचं, "गार बघून आण, न्‌ बाटली परत द्यायचीय म्हणून सांग." बाटलीच्या तळाशी उरलेल्या दोन घोटांवर आणणाऱ्याचा हक्क असे. लग्नात कुणाच्या हातात बाटली गेली आणि कुणाची रसन्यावर बोळवण झाली, यावरून रुसवे व्हायचे, आणि ते पुढं बारशापर्यंत पुरायचे.

सोडा मात्र डोळ्यांसमोर तयार व्हायचा. सोडावाल्या चाचांच्या दुकानात एक लोखंडी पिंजरा होता. त्यात जाड हिरवट काचेच्या बाटल्या बसवायच्या, गॅसच्या टाकीची तोटी सोडायची आणि दांडा धरून पिंजरा गरागरा फिरवायचा. बाटली उलटी झाली की आतली गोटी घरंगळून गळ्यातल्या रबरावर बसायची आणि गॅसच्या दाबानं तिथंच घट्ट राहायची. ना झाकण, ना बूच. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 साली या बाटलीचं पेटंट घेतलं, हे मला फार उशिरा कळलं. मला ती चाचांचीच वाटायची. अंगठा दाबून गोटी खाली पाडताना होणारा आवाज ऐकून चाचा कामातली मान वर न करता सांगायचे, गॅस बरोबर बसलाय की नाही. लिंबू, काळं मीठ, वर फसफसणारा सोडा. जेवण अंगावर आलेली माणसं तिथं रांगेनं उभी असायची. मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू, सगळ्या भाषांतले ढेकर एकसारखेच.

थम्सअप कुठून यायचं? मुंबईहून, एवढंच माहीत होतं. ते पार्लेचं, आणि पार्ले म्हणजे बिस्किटवालं पार्ले, म्हणजे आपलं. पार्लेच्या चौहान कुटुंबात बिस्किटं आणि सरबतं केव्हाच वेगळी झालेली होती, पण इतका हिशेब कोण ठेवतो? 1977 साली जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, परकीय चलनाच्या कायद्यावरून कोका-कोलानं देश सोडला आणि त्याच साली ही तिखट चवीची काळी बाटली आली. कोकपेक्षा जहाल, कमी गोड. आमच्या भागातल्या तिखटमिठाच्या जिभांना ती लगेच पटली. पुढं पेप्सी आल्यावर थम्सअपनं 300 मिलीची मोठी बाटली काढली, तिला महाकोला म्हणत. पाच पैसे जास्त गेले तरी चालतील, पण बाटली मोठी दिसली पाहिजे, हे आमच्या लोकांचं मन कंपनीनं बरोबर ओळखलं होतं. उदगीरहून परभणी-औरंगाबादमार्गे मनमाडला जाताना रुळाच्या बाजूला हडबीची शेंडी दिसते. उंच अंगठा काढल्यासारखा तो सुळका. त्याला डब्यातली माणसं सर्रास थम्सअपचा डोंगर म्हणतात. डोंगराला कंपनीचं नाव पडणं ही साधी गोष्ट नव्हे.

हे सगळं 1993 मध्ये विकलं गेलं. थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा, अशी पाचही नावं रमेश चौहानांनी कोका-कोलाला दिली. 6 कोटी डॉलरचा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. आपलं वाटणारं असं विकलं गेलं की माणसं चिडतात. शिकागोत जॉन हॉल यांनी 1988 साली काढलेली गूज आयलंड ही छोटी ब्रुअरी 2011 मध्ये अनहायझर-बुशनं 3 कोटी 88 लाख डॉलरना घेतली, तेव्हा तिथलं जुनं गिऱ्हाईक बिथरलं. बिअर तीच, पण अनेकांच्या लेखी ती एका रात्रीत दुसऱ्याची झाली. मग आपल्याकडं काय झालं, असं मी वयानं मोठ्या असलेल्यांना विचारून पाहिलं. कुणालाच काही आठवेना.

आठवणार कसं? त्याच साली 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले, आणि आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन भूकंपानं हलली. उदगीर वाचलं, पण घरात झोपायची हिंमत कुणाची होत नव्हती. लोकांनी अंगणात, शेतात, रस्त्यावर बाजा टाकल्या. भिंतीला जरा टेकलं तरी आई हाक मारायची. 24 ऑक्टोबरला कोका-कोला वाजतगाजत आग्र्यात परत आलं, तेव्हा लातूर जिल्हा पत्र्याच्या शेडांत आणि मदतीच्या रांगांत उभा होता. कोणतं शीतपेय कुणाचं झालं, ही बातमी आमच्याकडं शिळी होऊनही पोचली नाही.

कळलं ते नंतर, जिभेला. गोल्ड स्पॉट दिसेनासं झालं आणि त्या जागी फँटा आलं. जंगल बुकची चित्रं असलेले गोल्ड स्पॉटचे बिल्ले जमवण्यासाठी आम्ही टपऱ्यांखालची धूळ चिवडली होती, आतलं अस्तर नखानं सोलताना बोटं कापून घेतली होती. ते पेय एका शहाण्या हिशेबात नाहीसं झालं. मला राग आहे तो याचा, विक्रीचा नव्हे. थम्सअपचंही तेच व्हायचं होतं. नव्या मालकानं काही वर्षं आपलं कोक पुढं रेटलं, थम्सअपला सावत्रासारखं वागवलं. पण टपरीवर येणारा माणूस "थमसप दे" म्हणे, आणि नाही म्हटलं की पुढच्या टपरीवर जाई. मोर्चा नाही, निवेदन नाही, नुसता हट्ट. शेवटी कोकचं अटलांटाच वाकलं. आज भारतात कोकच्या घरात थम्सअपचाच मोठा मान आहे, आणि त्यात उदगीर-अहमदपूरच्या टपऱ्यांचा वाटा आहे असं मी छातीठोक सांगेन.

तसं पाहिलं तर उदगीरला पार्लेची अंधेरी काय नि कोकचं अटलांटा काय, दोन्ही लांबच. हल्ली टपरीच्या फ्रीजमध्ये दहा रुपयांचं कॅम्पा असतं. रिलायन्सनं ते दिल्लीकडचं जुनं नाव 2022 मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी बाजारात उतरवलं. माझ्या वयाचे लोक ते हातात घेऊन हरखतात, "आपलं परत आलं बघा." मीही पितो. गोड आहे जरा.

आमच्या गावचा म्हणावा असा होता तो सोडा. चाचा गेले. मुलानं थंड पाण्याच्या जारचा धंदा काढला आणि लग्नसराईत त्याला जेवायला सवड नसते. पिंजरा भंगारात गेला. मी त्याला विचारलं, दुकान चालवायला कुणीच मागितलं नाही का रे?

"दुकान कोण मागतंय? बाटल्या गेल्या मात्र. हैदराबादचा एक माणूस आला होता, हॉटेलात शोभेला मांडायला पाहिजेत म्हणला. अब्बानं आयुष्यभर सोडा विकला, तेवढ्या दिवसांत एका बाटलीमागं जेवढे सुटले नसतील, तेवढे त्यानं एका रिकाम्या बाटलीचे दिले."