कोणता सूर मूळचा?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला आली की एक प्रश्न तिच्याबरोबर येतोच. "मामा, सूर पॅरिसचे हाईत न्हवं?" विचारणारा कधी भजनी मंडळाचा पेटीवाला असतो, कधी आजोबांची पेटी पोत्यात बांधून आणलेला नातू. सूर म्हणजे आत हवेने थरथरणारी पितळी जीभ आणि तिची चौकट; ते पॅरिसचे असणे म्हणजे घराण्याचा मान, आणि आजकाल पैसाही. मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. पेटीला एकच वय नसते. लाकूड, भाता, पट्ट्या, सूर, स्क्रू, चामडे या प्रत्येकाचा जन्म वेगळा असू शकतो, आणि प्रत्येकाला वेगळे विचारावे लागते.

हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली घेतले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्या पायाने हवा भरायच्या वाद्याला मांडी घालून वाजवायचे रूप दिले. आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाची वाट रुंद केली, त्या वाटेने पुढे पायपेटी गावोगाव पोचली. हातपेटी मठात, देवळात, सप्ताहात जाऊन बसली. कागवाडचे रामभाऊ विजापुरे बेळगावात राहून २०१० पर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पेटी शिकवत होते. त्यामुळे इथला साधा भजनकरीही सुराला कान लावून बोलतो. कारागिराला इथे थाप मारून चालत नाही.

पेट्या देशात बनू लागल्या, तरी त्यांतले सूर बराच काळ पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. पुढे गुजरातेतल्या पालिताण्याचे पितळी सूर सर्रास बसू लागले. म्हणून 'मूळचा' आणि 'परदेशी' या दोन गोष्टी मी कधी एक करत नाही. बनवणाऱ्याने पहिल्याच दिवशी पालिताण्याचे सूर बसवले असतील, तर ती पेटी शंभर टक्के मूळची आहे. आणि कुणी मागाहून पॅरिसचे सूर आत कोंबले असतील, तर सूर अस्सल, पण पेटी मूळची नाही. ग्राहकाला हे पचायला जड जाते. तरी सांगावेच लागते.

खरे परीक्षण सुरांच्या फळीवर होते. वर्षानुवर्षे पितळ एका जागी बसले की त्याच्याखालच्या लाकडाचा रंग वेगळा राहतो, भोवतालचे लाकूड काळवंडते. स्क्रू सोडवून सूर उचलला की खाली त्याच्या मापाचा ठसा दिसला पाहिजे. ठसा लांब आणि सूर आखूड असेल, किंवा स्क्रूच्या भोकाशेजारी दुसरे बुजवलेले भोक असेल, तर तिथे आधी कुणी तरी दुसरा नांदत होता. मग सूर उलटा करायचा. जीभ चौकटीत सगळीकडून सारख्या फटीने बसली आहे का, रिव्हेट कधी हलवले आहे का, चौकटीवर ठोकलेले स्वराचे अक्षर शेजारच्या अक्षरांच्याच वळणाचे आहे का, हे भिंगाखाली पाहतो. पूर्ण संच एका हातचा असला की ते पाहताक्षणी कळते. मधले तीन-चार सूर पालिताण्याचे निघणे मात्र अगदी नेहमीचे आहे. त्यात फसवणूकच असते असे नाही. सप्ताहाच्या आदल्या दिवशी जीभ तुटली, मिळाला तो सूर बसवला, आणि भजन उभे राहिले.

जिभेवरचे ओरखडे तर दुरुस्तीची वहीच. टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. जुना ओरखडा पितळाइतकाच काळा पडलेला असतो, नवा पिवळाधमक चमकतो. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने 'ए' हा स्वर ४३५ कंपनांवर बांधला होता. आज साधारणपणे ४४० धरतात. फरक अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिस्स्याएवढा, पण कानाला नीट लागतो. पॅरिसचा म्हणून आणलेला संच ४३५ च्या जवळ बोलला आणि जिभेच्या टोकाला ताजा ओरखडा नसला, की माझा विश्वास वाढतो. नुसत्या या एका खुणेवर निकाल देत नाही. इथे सूर बसवणाऱ्याने गायकाच्या गळ्याप्रमाणे ते पहिल्याच दिवशी घासलेले असू शकतात.

बाकीच्या भागांचा हिशोब लवकर होतो. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात वापरात आले, त्याआधीच्या पेटीत ते निघाले तर मागाहूनचे. जुना सांधा सरसाने जोडलेला असतो. फेव्हिकॉल १९५९ साली आले, त्यामुळे तो पांढरट थर दिसला की दुरुस्तीचा काळ आपोआप पुढे सरकतो. पट्टीवरचे पांढरे पान चोळल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. ते तापलेल्या सुईने तपासू नये, भडकन पेटते. भात्याच्या घडीत चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा मिळाला तर मला फार आनंद होतो, कारण त्यावरची तारीख भाता कधीच्या आधीचा नाही हे सांगते. निपाणीकडच्या काही पेट्या उघडल्या की तंबाखूच्या वखारीचा वास येतो. तो वास पेटी कुठे राहिली ते सांगतो. नावाच्या पाटीवर मात्र मी सगळ्यांत कमी भरवसा ठेवतो. दोन खिळे काढले की ती दुसऱ्या पेटीवर बसते.

'कधीच्या आधीचे नाही' हा विचार जगभर असाच चालतो. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. तिचे जुने नग पारखणारे आवाजाच्या बटणाखालचा भाग पाहतात. त्यावरच्या आकड्यांत १३७ किंवा ३०४ हा बनवणाऱ्याचा क्रमांक, पुढे वर्ष आणि आठवडा असतो. पण १९६६ चे असे भाग कारखान्यात पुढची काही वर्षे वापरले गेले. म्हणून आकड्यापेक्षा जाणकार तिथला डाक पाहतात, तो पूर्वी कुणी वितळवला आहे का. आमच्या सुराखालचा ठसा आणि त्यांचा तो डाक, दोन्हींची साक्ष सारखीच.

माझे मत स्पष्ट आहे. भाता आणि चामडे झिजायलाच असतात, ते बदलले म्हणून पेटी कमी प्रतीची ठरत नाही. आमच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, कमानी गंजतात, त्यांनाही बदलावे लागते. सूर मात्र पेटीचा गळा आहे. पॅरिसचे सूर काढून नव्या झगमगीत पेटीत घालायचे आणि जुनी पेटी रिकामी टाकायची, हा धंदा अलीकडे वाढला आहे आणि मला तो मुळीच मान्य नाही. त्यात दोन्ही पेट्यांची साक्ष पुसली जाते. सूर कुठून आले हे नव्या मालकाला कळत नाही, आणि जुन्या घरात उरतो तो लाकडाचा डबा.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी पेटी आहे त्यांना माझी विनंती आहे. पॉलिश करायला देण्याआधी ती उघडून फोटो काढा. बिघडलेला एक सूर बदलण्यासाठी सगळा संच घासू देऊ नका. जो भाग काढाल तो फेकू नका, कापडात गुंडाळून पेटीच्याच तळाशी ठेवा. काय बदलले आणि कोणत्या वर्षी, हे झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा.