दोनदा दाबलेला ब्रेक

तीन वर्षांपूर्वी, बकरी ईदच्या आदल्या संध्याकाळी अब्बांची पद्मिनी मशिदीच्या गल्लीत केळीवाल्याच्या हातगाडीवर जाऊन आदळली. वेग अगदी कमी होता. कुणाला खरचटलंही नाही, केळी तेवढी रस्त्यावर पसरली. अब्बांनी तिथल्या तिथे पैसे दिले, केळीवाल्याची माफी मागितली आणि गाडी घरी आणून लावली. त्या रात्री मी गाडीची किल्ली माझ्या कपाटात ठेवली. अब्बा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

किल्ली मागायला ते आले नाहीत. फक्त एकदा, जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "पाँव नै थके रे, गाडीच रुकती नै." आमच्या घरातल्या दखनीत हा 'च' मराठीतून आलेला आहे आणि अब्बा तो फार क्वचित वापरायचे. मी 'हो अब्बा' म्हणालो आणि भाजी वाढून घेतली.

पुढच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली तशीच उभी राहिली.

१९८३ची पद्मिनी. मूळची ही इटलीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, तेव्हा आधी तिला फियाटच म्हणत, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं. आमच्याकडे ती सेकंडहँड आली. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढचं बोनेट चौकोनी, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा लेक मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाली, "दादाजानची चालू करायची का?" आम्ही ताडपत्री काढली.

इंजिनाचं काम मिस्त्रीकडे दिलं. मागचे ब्रेक मी स्वतः करायचं ठरवलं. हे काम मी लहानपणी अब्बांच्या शेजारी उकिडवं बसून बघितलेलं आहे. पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, गाडी जॅकवर उचलली आणि मागच्या अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड दिले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा अब्बांचा पहिला नियम.

उजवं चाक आधी काढलं. ड्रम गंजून बसला होता. अ‍ॅडजस्टर सैल केले, लाकडी हातोड्याने कडेकडेने गोल ठोकत गेलो, तेव्हा कुठे तो सुटला. आत धूळ होती. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ही धूळ फुंकायची नाही की हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. लायनर झिजलेलं होतं पण कोरडं होतं. स्प्रिंगा जागेवर होत्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवला. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे जोडताना अडलं तर दुसरी बाजू बघता येते.

मग डावीकडे गेलो.

डावा ड्रम सुटला आणि आतून ब्रेक ऑइलचा वास आला. व्हील सिलिंडर म्हणजे बोटभर लांबीची एक नळी. तिच्यात दोन पिस्टन आणि रबराचे वायसर असतात. पॅडल दाबलं की तेलाच्या दाबाने पिस्टन बाहेर सरकतात आणि दोन्ही शू ड्रमवर दाबले जातात. हे रबर गेलं की तेल बाहेर येतं आणि थेट लायनरवर पसरतं. आमच्याकडे तेच झालं होतं. बॅक प्लेटवर ओघळ होते, धुळीचा चिखल झाला होता.

तीन वर्षं उभी राहिलेली गाडी, रबर सुकलं असेल, तेल नंतर गळलं असेल, असं मी आधी स्वतःला समजावलं. मग शू हातात घेऊन उन्हात धरला. लायनरवरचं तेल नुसतं ओलं नव्हतं. ते भाजलं होतं. पृष्ठभाग काळा, काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि ड्रमच्या आतही तसाच करपलेला पट्टा होता. उभ्या गाडीचा ब्रेक तापत नाही. हे तेल गाडी चालत असताना गळत होतं, आणि बरेच दिवस गळत होतं.

मी तिथेच जमिनीवर बसलो.

अब्बा शेवटच्या वर्षी ब्रेक दोनदा दाबायचे. आम्ही मागे बसून हसायचो. बायको म्हणायची, अब्बांना आता आठवत नाही की आपण ब्रेक दाबलाय. खरं तर चारही चाकांना तेलाची एकच लाइन असलेल्या या गाडीत एका चाकाला गळती लागली की पॅडल खाली जातं. दुसऱ्यांदा दाबलं की थोडा दाब तयार होतो. त्यांचा पाय गाडीचं दुखणं सांभाळून घेत होता.

गाडी उजवीकडे ओढते, असंही ते म्हणाले होते. तेव्हा मी उजव्या टायरांची हवा तपासली होती आणि हात झटकले होते. पण डावा ब्रेक धरत नसेल तर गाडी उजवीकडेच जाणार. दोष ओढीच्या उलट बाजूला होता. केळीची गाडी गल्लीत उजव्या हातालाच उभी असायची.

डिकी उघडून बघितली. स्टेपनीच्या मागे ब्रेक ऑइलची बाटली होती, तळाशी दोन बोटं तेल उरलेली. वरून भरून भरून ते गाडी चालवत होते. त्यांच्या मिस्त्रीने धंदा बंद केल्यापासून 'एकदा दुसऱ्या कुणाकडं दाखवून आण' असं मला किती वेळा सांगितलं होतं, ते आठवायला बसलो आणि मोजणं सोडून दिलं.

पुढचं काम सावकाश केलं. पुण्याला नाना पेठेत जाऊन दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शूंचा नवा जोड आणला. एकाच बाजूचे शू बदलले तर गाडी पुन्हा ओढणार. तेल प्यायलेलं लायनर पॉलिश पेपरने घासून, धुऊन परत लावायचं नसतं, तापलं की तेल पुन्हा वर येतं. दोन्ही ड्रम लेथवर हलके फिरवून घेतले. स्प्रिंगा चढवताना पक्कड निसटून अंगठ्याचं साल गेलं. शेवटी चाक हाताने फिरवत अ‍ॅडजस्टर आवळले, शू घासायला लागल्यावर किंचित सैल केले.

लाइनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. लेक अब्बांच्या सीटवर बसली. मी मागच्या डाव्या चाकाशी, कारण मास्टर सिलिंडरपासून तेच सगळ्यात लांब. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. "दाब. धर." मी निपल उघडायचो, चहासारखं काळपट तेल आणि बुडबुडे यायचे, मी निपल बंद करायचो. "आता सोड." एकदा तिने माझ्या आधीच पाय उचलला आणि हवा परत आत गेली. मी ओरडणार होतो. "पुन्हा दाब," एवढंच म्हणालो. बुडबुडे थांबले, स्वच्छ तेल आलं, मग उरलेली तीन चाकं. असरची अजान झाली तेव्हा ती आतून म्हणाली, "अब्बू, पॅडल आता कडक लागतंय."

रिकाम्या मैदानावर गाडी हळूहळू चालवून बघितली. ब्रेक एकदाच दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली.

पुढच्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मी केळीवाल्याकडे गेलो. अब्बांचे दोन जुने दोस्त तिथे उभे होते. त्या दिवशी 'आता वय झालं' असं म्हणणाऱ्यांत तेही होते, आणि मीही. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी ब्रेक गेलेले होते, अब्बांची चूक नव्हती, मीच गाडी दाखवून आणली नाही. केळीवाला म्हणाला, "मला माहितीय. ते दुसऱ्या दिवशी परत आले होते. म्हणाले, मुलाला बोलू नको, त्याला फार काम असतं."

मी एक डझन केळी घेतली. घरी येऊन किल्ली कपाटातून काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला, अब्बा लावायचे तिथे, लावली.